बेटावरच्या लहान गेस्ट हाऊसमध्ये कुटुंबासह मुक्काम : खान्देशातून अंदमानला जाणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

खान्देशातील कुटुंबे अंदमानच्या सहलीचे नियोजन बहुधा उलट्या क्रमाने करतात. आधी विमानाचे स्वस्त तिकीट हाती लागते, मग छायाचित्रे पाहून खोली ठरते आणि या दोहोंना जोडणारी बोट सर्वांत शेवटी आठवते. मग विमान उतरते तेव्हा त्या दिवसाची शेवटची बोट निघून गेलेली असते आणि खोलीच्या एका रात्रीचे पैसे वाया जातात. किंवा परतताना बोट रद्द होते आणि विमान चुकते. दुसरी नेहमीची चूक खोलीबाबत होते. मोठ्या हॉटेलात ज्या गोष्टी न विचारता मिळतात, त्या पाच-सहा खोल्यांच्या घरगुती गेस्ट हाऊसमध्ये आधी विचारून ठरवाव्या लागतात, आणि नेमके तेच विचारायचे राहून जाते. सोबत आजी-आजोबा आणि लहान मुले असली की या दोन चुकांचा त्रास सर्वांत जास्त त्यांनाच होतो.

पुढील टप्पे शहीद द्वीप आणि स्वराज द्वीप या दोन बेटांना धरून लिहिले आहेत. नावांचा घोळ आधीच मिटवून घ्यावा. २०१८ च्या डिसेंबरात नील बेटाचे नाव शहीद द्वीप आणि हॅवलॉकचे स्वराज द्वीप झाले. २०२४ च्या सप्टेंबरात, विमान जेथे उतरते त्या मुख्य बेटावरील पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम झाले. तिकिटांवर आणि संकेतस्थळांवर जुनी-नवी दोन्ही नावे आढळतात, आणि बोलताना तेथील लोकही जुनी नावे सर्रास वापरतात. घरातील प्रत्येकाला दोन्ही नावे ठाऊक असावीत, म्हणजे बोटीच्या धक्क्यावरची पाटी पाहून कोणी गोंधळणार नाही.

## टप्पा १ : काळ ठरविणे

आपल्याकडे सहली शाळेच्या सुट्ट्यांवर ठरतात, आणि अंदमानच्या बाबतीत नेमक्या याच दोन सुट्ट्या अडचणीच्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा हंगाम असतो. समुद्र खवळला की बोटी बंद राहतात. मे महिन्याच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी पाऊस अंदमानात दाखल होतो. आपल्याकडे जून उजाडेपर्यंत आभाळाकडे डोळे लागलेले असतात, तेव्हा तिकडे पावसाळा सुरू झालेला असतो. त्यामुळे मेच्या सुट्टीतच जाणे भाग असेल, तर परीक्षा संपताच एप्रिलच्या अखेरीस निघावे आणि मेच्या पहिल्या आठवड्यात परत यावे.

शाळेचे बंधन नसलेल्या घरांसाठी जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा माझ्या मते सर्वांत उत्तम काळ आहे. समुद्र बहुधा शांत असतो, नाताळाची गर्दी ओसरलेली असते, आणि शेतीवाल्या घरांतही तोवर कापसाची वेचणी बहुतेक आटोपलेली, तर गहू-हरभरा काढणीला यायला अजून अवकाश असतो.

उन्हाबाबत एक गैरसमज आहे. जळगाव-भुसावळचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा सोसणाऱ्याला तेथील तिशीतले तापमान किरकोळ वाटते. मात्र आपली उष्णता कोरडी, तर तेथील हवा दमट असते. तेथे घाम वाळत नाही आणि सावलीत बसूनही थकवा येतो. रक्तदाबाच्या रुग्णांनी आणि वयस्कर मंडळींनी हे लक्षात ठेवून दिवसाला एकच ठिकाण पाहण्याचा बेत करावा.

## टप्पा २ : रात्रींचा आराखडा कागदावर मांडणे

कोणतेही तिकीट काढण्यापूर्वी एका कागदावर प्रत्येक रात्र कोठे काढायची हे लिहावे. दिवस नव्हे, रात्री लिहाव्यात. कारण चूक नेहमी रात्रींच्या हिशेबात होते. रेल्वेने चेन्नई आणि तेथून विमान, असा प्रवास धरला तर चांगला आराखडा असा होतो :

१. पहिली रात्र रेल्वेत.
२. दुसरी रात्र चेन्नईत.
३. तिसरी रात्र श्री विजयपुरममध्ये.
४. चौथी, पाचवी आणि सहावी रात्र बेटावरील गेस्ट हाऊसमध्ये.
५. सातवी रात्र पुन्हा श्री विजयपुरममध्ये.
६. आठव्या दिवशी विमान, आणि पुढे रेल्वे.

यातील पाचवी ओळ बहुतेक जण खोडतात. ‘सकाळची बोट धरू आणि दुपारचे विमान पकडू’ असा हिशेब कागदावर जुळतोही. परंतु बोट ही एसटी नाही. वारा वाढला किंवा यंत्रात बिघाड झाला की फेरी रद्द होते आणि त्याची जबाबदारी विमान कंपनी घेत नाही. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुख्य बेटावर मुक्काम असलाच पाहिजे, ही या संपूर्ण लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. पैसे वाचवायचेच असतील तर बेटावरची एक रात्र कमी करावी, ही नव्हे.

दोन्ही बेटे एकाच सहलीत बसविण्याचा आग्रह लहान मुले किंवा वृद्ध सोबत असताना धरू नये. प्रत्येक बेटबदल म्हणजे सामान बांधणे, धक्का, रांग, बोट, रिक्षा आणि नवी खोली. त्यात अर्धा-पाऊण दिवस जातो. शहीद द्वीप लहान, शांत आणि रिक्षाने सहज फिरता येण्याजोगे आहे; बोटीचा धक्काही भरतपूर किनाऱ्यालगतच आहे. स्वराज द्वीप मोठे आहे. तेथे दुकाने व खाणावळी अधिक आहेत, आणि राधानगरचा रुंद, वाळूचा किनारा आहे. तो मात्र धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. ज्या घरात गुडघेदुखीची आजी आणि पाच वर्षांचे नातवंड दोन्ही आहेत, त्या घराने शहीद द्वीप निवडावे असे माझे स्पष्ट मत आहे.

पडताळा : कागदावर सलग दोन रात्री एका जागी नसतील असे मुक्काम किती आहेत ते मोजावे. चेन्नई आणि श्री विजयपुरम वगळता असा मुक्काम निघाला, तर आराखडा घाईचा आहे.

## टप्पा ३ : गेस्ट हाऊसशी बोलणे

आराखडा झाला की खोलीची चौकशी करावी, पैसे मात्र अजून पाठवू नयेत. तीन-चार गेस्ट हाऊस निवडून प्रत्येकाला फोन करावा. नेटवर्क जाते-येते, त्यामुळे फोन न लागल्यास निराश न होता संदेश ठेवून संध्याकाळी पुन्हा प्रयत्न करावा. हिंदी सगळीकडे चालते. शहीद द्वीपावर बंगाली कुटुंबांची वस्ती मोठी आहे आणि अशी बरीच घरे पुढे शेती, मागे खोल्या या पद्धतीने चालतात. फोन उचलणारी व्यक्तीच अनेकदा स्वयंपाकही करते. म्हणून दुपारी बारा ते दोन या वेळेत लांबण लावू नये.

‘सगळ्या सोयी आहेत ना?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते आणि त्यातून काहीही कळत नाही. प्रश्न असे विचारावेत की उत्तरात एखादी वस्तू, वेळ किंवा आकडा यावाच लागेल.

खोलीबद्दल : खोली तळमजल्यावर आहे का आणि पायऱ्या किती आहेत? शौचालय खोलीला लागून आहे का, आणि कमोड आहे की भारतीय पद्धतीचे? गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी हा एक प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा मोठा ठरतो. भिंती सिमेंटच्या आहेत की बांबूच्या? बांबूची झोपडी छायाचित्रात सुंदर दिसते, पण तिच्या फटींतून किडे आत येतात आणि शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू येते. तान्ह्या बाळासाठी ती सोयीची नाही. जास्तीची गादी खोलीत मावते का, की ती घातल्यावर दरवाजा उघडत नाही?

विजेबद्दल : वीज गेल्यावर जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर नेमके काय चालते? बहुतेक ठिकाणी दिवे आणि पंखा चालतो, वातानुकूलन चालत नाही. इन्सुलिन ठेवण्यासाठी फ्रिज लागणार असेल तर तो कोठे आहे आणि वीज गेल्यावर चालू राहतो का, हे स्वतंत्रपणे विचारावे.

पाण्याबद्दल : पिण्याचे पाणी गाळलेले मिळते का, आणि आंघोळीचे गरम पाणी गिझरचे की चुलीवरचे? बेटांवर गोड्या पाण्याची सारी मदार पावसावर असते. एप्रिल-मेमध्ये नळाला वेळ ठरलेली असण्याची शक्यता असते, तेव्हा ती वेळ विचारून घ्यावी.

जेवणाबद्दल : हा विषय आपल्या लोकांसाठी नाजूक आहे, म्हणून आडून न विचारता सरळ विचारावे. तेथे भात आणि मासे हे रोजचे अन्न आहे. पोळ्या होतात, पण सांगितल्यावर आणि मोजून. शाकाहारी कुटुंबाने भांडी वेगळी ठेवली जातात का हे आत्ताच स्पष्ट करावे. तेथे पोहोचल्यावर स्वयंपाकघरात डोकावून नाराजी दाखविणे यजमानावर अन्याय करणारे आहे. ज्वारीची भाकरी मिळणार नाही. चूल किंवा गॅस अर्धा तास वापरू द्याल का, असे नम्रतेने विचारले तर काही घरी होकार मिळतो, आणि मिळालाच तर त्याचे वेगळे पैसे द्यावेत.

रद्द करण्याबद्दल : ‘हवामानामुळे बोट बंद राहिली तर आमचे आगाऊ पैसे पुढच्या तारखेला वळवाल का?’ हा प्रश्न शेवटी विचारावा आणि त्याचे उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी मागावे.

सावधान : खोट्या जाहिराती आणि बदललेले फोन क्रमांक यांतून फसवणूक होते. ज्या खोलीचे पैसे भरणार, त्या खोलीचा व्हिडिओ कॉल मागावा आणि त्यात स्नानगृह, दरवाजाची कडी आणि अंगण दाखवायला सांगावे. नेटवर्कमुळे कॉल होत नसेल तर त्याच दिवशी काढलेली चित्रफीत मागावी. संपूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्याला आणि ‘आत्ता पाठवा, नाहीतर खोली जाईल’ अशी घाई करणाऱ्याला नकार द्यावा.

## टप्पा ४ : तिकिटांचा क्रम

आता पैसे खर्च करण्याची वेळ येते. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. बोटीच्या वेळा पाहणे. श्री विजयपुरमहून दोन्ही बेटांकडे खासगी कंपन्यांच्या जलद बोटी आणि शासनाच्या नौवहन विभागाच्या फेऱ्या चालतात. स्वराज द्वीपाला खासगी बोटीने साधारण दीड तास लागतो, शासकीय बोटीने त्याहून बराच जास्त. शासकीय तिकीट स्वस्त असते, पण ते प्रवासाच्या थोडेच दिवस आधी खुले होते आणि लवकर संपते. त्यामुळे दूरवरून येणाऱ्या कुटुंबाने त्यावर विसंबू नये.

२. विमानाचे तिकीट काढणे. श्री विजयपुरमला उतरण्याचा दिवस आणि बोटीचा दिवस वेगळे असावेत. तिकिटावरील नाव ओळखपत्राप्रमाणे तंतोतंत असावे. आपल्या घरांतील अनेक स्त्रियांच्या आधार कार्डावर सासरचे, तर मतदार ओळखपत्रावर माहेरचे नाव असते. तिकीट ज्या कार्डावरून काढले, तेच कार्ड सोबत घ्यावे.

३. त्याच दिवशी बोटीचे तिकीट काढणे. जाण्याचे आणि परतीचे, दोन्ही.

४. खोलीचे आगाऊ पैसे पाठविणे. तारखा, खोल्यांची संख्या, माणसे, गाद्या, जेवणाचा प्रकार आणि ठरलेले भाडे एकाच संदेशात लिहून पाठवावे आणि ‘बरोबर’ असे उत्तर आल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

५. रेल्वेचे आरक्षण करणे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत ६० दिवसांची झाली आहे. त्यामुळे विमान आधी आणि रेल्वे नंतर असा क्रम आता अपरिहार्य आहे. साठाव्या दिवशी सकाळी आरक्षण उघडताच तिकीट काढण्यासाठी दिनदर्शिकेत खूण करून ठेवावी. नंदुरबार, जळगाव आणि भुसावळहून चेन्नईला थेट जाणारी नवजीवन एक्सप्रेस सर्वांत सोयीची आहे. धुळेकरांनी जळगाव गाठावे. ज्या ज्येष्ठांना एवढा रेल्वेप्रवास सोसत नाही, त्यांनी मुंबईहून विमानाचा विचार करावा, मात्र त्यात बहुधा मध्ये विमान बदलावे लागते.

चेन्नई सेंट्रल स्थानकापासून विमानतळापर्यंत मेट्रो जाते, हे अनेकांना ठाऊक नसते. सामान हलके असेल तर टॅक्सीपेक्षा ती अधिक भरवशाची आहे.

सावधान : रेल्वे ज्या दिवशी चेन्नईत पोहोचते, त्याच दिवशीचे विमान घेऊ नये. गाडी चार तास उशिरा आली तरी ज्याची झोप उडणार नाही, असाच हिशेब हवा.

भारतीय नागरिकांना या दोन बेटांवर जाण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. ‘परमिट काढून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याकडे दुर्लक्ष करावे.

## टप्पा ५ : सामान

देशांतर्गत विमानांत बहुधा माणशी १५ किलो सामान मोफत नेता येते, हातातले सात किलो वेगळे. पाच माणसांच्या घराला हे पुरेसे आहे. गडबड होते ती खाण्याच्या पिशवीमुळे.

खाण्याचे पदार्थ न्यावेत, पण निवडून. रेल्वेसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरेशी आहे. बेटासाठी चिवडा, बिबडे, थोडे कळण्याचे पीठ आणि काळा मसाला घट्ट झाकणाच्या डब्यात घालून मोठ्या बॅगेत ठेवावा. दमट हवेत बिबडे दोन दिवसांत मऊ पडतात, म्हणून ते छोट्या-छोट्या बंद पिशव्यांत भरावेत आणि रोज एकच पिशवी उघडावी. ठेचा आणि तेल सुटलेले लोणचे हातातल्या पिशवीत नेऊ दिले जात नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर घरीच ठेवाव्यात. खोबऱ्यातील तेलामुळे ते ज्वालाग्राही धरले जाते आणि मोठ्या बॅगेतून नेण्यास मनाई आहे. गॅसची छोटी शेगडी, काडेपेटी आणि लायटर यांनाही बंदी आहे. पॉवर बँक मात्र हातातल्याच पिशवीत हवी. मोठ्या बॅगेत ती सापडली तर बॅग उघडायला बोलावले जाते.

कपड्यांत जाड सुती कपडे आणि जीन्स कमी करावेत. तेथे ओला जाड टॉवेल दोन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास येऊ लागतो. पातळ पंचे, लवकर वाळणारे कपडे, दहा-बारा चिमटे आणि एक दोरी, एवढ्याने मोठी सोय होते. प्रत्येकासाठी मागे पट्टा असलेली रबरी चप्पल अत्यावश्यक आहे, कारण शहीद द्वीपाच्या किनाऱ्यांवर ओहोटीला प्रवाळाचे धारदार खडक उघडे पडतात.

औषधांची पिशवी हातातल्या सामानात ठेवावी. रोजची औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्तीची घ्यावीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. बेटांवर शासकीय आरोग्य केंद्र आहे. परंतु आपल्या गावातल्या औषध दुकानात मिळते तीच गोळी तेथे मिळेल असे धरून चालू नये. बोट लागू नये म्हणून घ्यावयाची गोळी, विशेषतः मुलांसाठी आणि रक्तदाबाच्या रुग्णांसाठी, निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

रोख रक्कम श्री विजयपुरममध्येच काढून घ्यावी. बेटांवर एटीएम मोजकी आहेत, आणि नेटवर्क गेले की यूपीआय थांबते. गेस्ट हाऊसची उरलेली रक्कम, रिक्षा आणि जेवण एवढे तरी रोख देता आले पाहिजे.

## टप्पा ६ : बोटीचा दिवस

१. बोट सुटण्याच्या किमान एक तास आधी धक्क्यावर पोहोचावे. विमानतळासारखीच सामानाची आणि ओळखपत्रांची तपासणी होते. सर्वांची मूळ ओळखपत्रे एका व्यक्तीकडे असावीत, मुलांचीही.

२. दीड तास आधी हलका नाश्ता करावा. उपाशीपोटी बोट जास्त लागते आणि तळलेले खाल्ल्यावरही लागते.

३. जागा निवडता येत असेल तर बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. पुढच्या टोकाला उसळी सर्वांत जास्त बसते. जलद बोटी बंदिस्त असतात. मळमळू लागल्यास मोबाइलमधून डोके वर काढून खिडकीतून क्षितिजाकडे पाहावे.

४. चढताना आणि उतरताना घाई करू नये. बोट आणि धक्का यांच्यामध्ये एक फळी टाकलेली असते. ती स्थिर दिसते, पण लाटेबरोबर वितभर वर-खाली होते, आणि नेमक्या त्याच क्षणी आजी निऱ्या सावरायला खाली पाहते. तिच्या दोन्ही हातांत काही असू नये. निऱ्या आधीच वर खोचून घ्याव्यात, खलाशाचा हात धरावा आणि फळी वर येऊन थांबली की एकच पाऊल टाकावे. मूल कडेवर असेल तर ते आधी खलाशाकडे द्यावे.

पडताळा : बोटीत शिरण्यापूर्वी गेस्ट हाऊसला ‘निघालो’ असा फोन करावा. पुढे तासभर नेटवर्क नसते आणि धक्क्यावर घ्यायला येणारी रिक्षा या फोनवरच ठरते.

## टप्पा ७ : खोली ताब्यात घेणे

सामान उघडण्यापूर्वी दहा मिनिटे खोली पाहावी, कारण एकदा बॅगा उघडल्या की बदल मागणे दोघांनाही अवघड होते. दरवाजाची आतली कडी आणि कुलूप, पंख्याचा वेग, नळाचे पाणी, कमोडची टाकी, खिडकीची जाळी, स्नानगृहाची फरशी घसरते का, एवढे पाहावे. काही कमी असेल तर शांतपणे आणि लगेच सांगावे. रात्री दहाला सांगितलेली तक्रार बेटावर दुरुस्त होऊ शकत नाही, कारण सुटा भागही दुसऱ्या दिवशीच्या बोटीने येतो.

त्यानंतर यजमानांकडून तीन गोष्टी विचारून वहीत लिहाव्यात : भरती-ओहोटीच्या वेळा, जवळच्या आरोग्य केंद्राचा रस्ता, आणि रात्री अडचण आली तर कोणत्या दारावर थाप मारायची.

मुलांना पहिल्याच संध्याकाळी आवाराची हद्द दाखवावी. समुद्र अंगणातूनच दिसत असेल, तर मोठे माणूस सोबत नसताना फाटक ओलांडायचे नाही, हा नियम कोणताही अपवाद न ठेवता लावावा.

सावधान : विजेच्या शेगडीचा किंवा किटलीचा प्लग न विचारता लावू नये. लहान गेस्ट हाऊसची वायरिंग एवढा भार पेलत नाही आणि एका खोलीमुळे सगळ्या घराची वीज जाते.

## टप्पा ८ : मुक्कामाचा दिनक्रम

सूर्याप्रमाणे दिनक्रम लवकरचा ठेवावा. अंदमान आपल्यापेक्षा बरेच पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळे जळगावपेक्षा सूर्य तासाभराहून अधिक आधी उगवतो, आणि जानेवारीत साडेपाचच्या सुमारास मावळतो. जी कुटुंबे नेहमीप्रमाणे नऊला उठून अकराला बाहेर पडतात, त्यांना ऐन उन्हात किनारा मिळतो आणि चहा पिऊन पुन्हा निघेपर्यंत अंधार पडतो. पाचला उठावे, सहा ते नऊ समुद्रावर असावे, दुपारी खोलीत विश्रांती घ्यावी आणि साडेतीनला पुन्हा निघावे. शहीद द्वीपावर सूर्योदयासाठी सीतापूर आणि सूर्यास्तासाठी लक्ष्मणपूर. स्वराज द्वीपावर अनुक्रमे कालापत्थर आणि राधानगर.

जेवण आधी सांगावे. लहान गेस्ट हाऊसमध्ये शिजवून ठेवलेले काही नसते. सकाळी नाश्त्याच्या वेळी यजमान ‘दुपारी किती जण, काय करू?’ असे विचारतात आणि मग पिशवी घेऊन बाजारात जातात. त्या वेळी ‘नंतर सांगतो’ म्हणणाऱ्या कुटुंबाला दुपारी तीनला जेवण मिळते, आणि दोष यजमानाला दिला जातो. पाच जण, वरण, भात, बारा पोळ्या, एक भाजी, एका ताटात तिखट नको, असे मोजून सांगावे. पुढच्या जेवणाचा बेत आधीच्या जेवणालाच सांगून टाकणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

भरती-ओहोटी तिथीवरून ओळखावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीचा चढउतार सर्वांत मोठा असतो आणि अष्टमीच्या सुमारास सर्वांत कमी. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. लक्ष्मणपूरजवळचा नैसर्गिक खडकांचा पूल ओहोटीलाच पाहता येतो. तेथील वाट ओबडधोबड आणि निसरडी आहे, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी वरच थांबावे. पोहण्यासाठी किंवा मुलांना पाण्यात खेळविण्यासाठी मात्र पुरेसे पाणी असलेली, उजेडाची वेळ निवडावी.

पाण्यातील सुरक्षितता. येथे थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. आपल्याकडील अनेक तरुण गावच्या विहिरीत, तापी-गिरणेच्या डोहात पोहायला शिकलेले असतात आणि त्यांना स्वतःच्या पोहण्याची खात्री असते. विहिरीचे पाणी स्थिर असते आणि काठ चार हातांवर असतो. समुद्रात परतणारे पाणी माणसाला आत ओढते आणि त्याविरुद्ध सरळ किनाऱ्याकडे पोहणारा चांगला पोहणाराही दमून जातो. अशी ओढ लागल्यास घाबरून झटापट करू नये, हात वर करून मदत मागावी, आणि पोहायचे तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीबाहेर पडून मग किनाऱ्याकडे वळावे. कमरेपेक्षा खोल पाण्यात जाऊ नये. लाल झेंडा असेल तेथे पाय बुडवायलाही उतरू नये. साडी किंवा ओढणी नेसून-गुंडाळून खोल पाण्यात उतरणे धोक्याचे आहे, कारण भिजलेले कापड पायांत अडकते.

अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. खाडी, खारफुटी आणि ओढ्यांची मुखे येथे पाण्यात उतरू नये, सूचनाफलक शब्दशः पाळावेत, आणि सूर्यास्तानंतर कोठेही समुद्रात जाऊ नये. त्या दिवशी कोठे उतरणे योग्य हे जीवरक्षक किंवा गेस्ट हाऊसच्या यजमानांना विचारावे.

संध्याकाळी आणि पहाटे वाळूत बारीक वाळूमाश्या चावतात. चावा लगेच जाणवत नाही; खाज रात्री सुरू होते आणि मुले खाजवून जखमा करतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पायांना कीटकरोधक मलम लावावे आणि थेट वाळूवर न बसता चटईवर बसावे.

काचेच्या तळाची बोट किंवा स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्याखाली पाहत पोहणे) ठरवताना प्रत्येकाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट आहे का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. मुलाला मोठ्या माणसाचे जाकीट घालून नेऊ नये. पाण्यात ते डोक्यावरून निघते. प्रवाळावर उभे राहू नये, त्याला हात लावू नये.

## टप्पा ९ : परतणे

१. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हिशेब पूर्ण करावा आणि बोट वेळेवर आहे का, हे यजमानांना विचारावे. हवामानाची बातमी त्यांना धक्क्यावरून सर्वांत आधी कळते.

२. बोट रद्द झाली तर आधी खोली एक रात्र वाढवून मिळते का ते पाहावे, मग दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बोटीची, शासकीय धरून, जी मिळेल ती तिकिटे घ्यावीत, आणि त्यानंतर श्री विजयपुरमच्या मुक्कामाला कळवावे. आराखड्यातील सातवी रात्र याच प्रसंगासाठी ठेवलेली असते. ती बेटावर खर्च झाली तरी दुसऱ्या दिवशीची बोट विमानाच्या वेळेआधी पोहोचत असेल तर विमान चुकत नाही. मात्र दुसऱ्या दिवशीची बोटही अनिश्चित वाटली, तर विमान कंपनीला त्याच दिवशी फोन करून तारीख बदलण्याचे शुल्क विचारावे.

३. प्लास्टिकच्या पिशव्या, वापरलेले डायपर आणि रिकाम्या बाटल्या खोलीत टाकून येऊ नयेत. त्या छोट्या बेटावर कचरा न्यायला जागा नाही. कोरडा कचरा आपल्यासोबत मुख्य बेटावर आणावा.

४. शंख, शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरून उचलून आणू नयेत. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामानाची तपासणी होते. मुले हे तुकडे खिशांत, बुटांत आणि वाळूच्या खेळण्यांच्या बादलीत ठेवतात, म्हणून बेट सोडण्यापूर्वीच ही तिन्ही ठिकाणे स्वतः तपासून सापडलेले सगळे किनाऱ्यावर परत ठेवावे. दुकानातून शंखाची वस्तू घेतली असेल तर तिची पावती हातातल्या पिशवीत असावी.

५. चेन्नईत विमान उतरण्याची वेळ आणि परतीच्या रेल्वेची वेळ यांत किमान सहा तास असावेत. गाडी त्याआधीची असेल, तर चेन्नईत एक रात्र थांबून दुसऱ्या दिवशीची गाडी घ्यावी.